श्रीलिपी आणि पेजमेकरमधील जुने अंक लिनक्सवर व युनिकोडमध्ये कसे न्यावेत?

प्रश्न : नारायणपेठी_वाचक

नमस्कार. पुण्यातील आमची एक लहान संस्था अनेक वर्षांपासून त्रैमासिक आणि दिवाळी अंक काढते. १९९८ ते २०१० या काळातील अंकांची जुळणी आमच्याच कार्यालयातील एका संगणकावर होत असे. त्यावर विंडोज एक्सपी आहे आणि तो आजही, कुरकुरत का होईना, सुरू होतो. आता कार्यालय पेठेतून हलणार असल्यामुळे हा संगणक काढून टाकायचा आहे. नव्या संगणकावर उबुंटू लिनक्स आहे, चिटणीसांकडे मॅक आहे आणि छपाई करणाऱ्यांकडे विंडोज आहे, म्हणजे एकच फाइल यापुढे तिन्ही ठिकाणी उघडली पाहिजे.

जुना साठा असा आहे : सुरुवातीच्या अंकांचा मजकूर श्रीलिपी या मराठी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये, नंतरच्या अंकांचा तशाच आयएसएममध्ये, लेखकांनी स्वतः टाइप करून दिलेले लेख वर्ड ९७ मध्ये शिवाजी किंवा किरण फॉन्टात, पाने आधी पेजमेकर या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरच्या ६.५ आणि नंतर ७ या आवृत्तीत. आणि वर्गणीदारांची यादी फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसच्या डीबीएफ फाइलीत. अंक संकेतस्थळावर शोधता येतील अशा रूपात ठेवावेत आणि १९६१ च्या पानशेत पुरावर काढलेला विशेषांक पुन्हा छापावा, असे कार्यकारिणीने ठरवले आहे.

काही फाइली पेनड्राइव्हने उबुंटूवर नेऊन लिब्रेऑफिसमध्ये उघडल्या, तेव्हा मजकुराऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसला. जुन्या संगणकावरील फॉन्ट आणून बसवल्यावर तोच मजकूर मराठीत दिसू लागला, परंतु ‘पानशेत’ हा शब्द शोधला तर एकदाही सापडत नाही आणि परिच्छेद ईमेलमध्ये डकवला की पुन्हा काला होतो. चिटणीसांना पाठवलेला अलीकडचा तक्ता त्यांच्याकडे निराळ्याच प्रकारच्या काल्यात उघडला. शिवाय लेखाचे संपूर्ण शीर्षक हेच नाव दिलेल्या काही अलीकडच्या फाइली उबुंटूवर कॉपी होण्यासच नकार देतात. जवळच्या एका टंकलेखन केंद्राने पानागणिक दर लावून सर्व मजकूर नव्याने टाइप करून देण्याची तयारी दाखवली आहे. तो मार्ग स्वीकारण्यापूर्वी, रूपांतर करणे शक्य असल्यास ते कोणत्या क्रमाने करावे, याचे मार्गदर्शन हवे आहे.

उत्तर १ : छापखानेवाला

सर्वप्रथम एक विनंती : जुना संगणक आज भंगारात देऊ नका, आणि त्यावरील विंडोज नव्याने टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तोही ऐकू नका. पेजमेकरची पाने जशी छापली गेली तशी दाखवू शकणारे, तेच फॉन्ट, तीच चित्रे आणि तोच ड्राइव्हचा पत्ता असलेले यंत्र आता जगात ते एकच आहे. पाने दुसरीकडे उघडतील, पण ती हुबेहूब तशीच आहेत की नाही हे सांगायला साक्षीदार उरणार नाही.

म्हणून त्या संगणकावर बसूनच पहिले काम करावे ते म्हणजे प्रत्येक अंकाची पीडीएफ काढणे, तीही सर्व फॉन्ट पीडीएफमध्ये अंतर्भूत करून. या पीडीएफमधून मजकूर उचलता येणार नाही, कारण तिच्या पोटातही तीच जुनी सांकेतिक अक्षरे असतील. परंतु पुढे रूपांतरित मजकुराचे मुद्रितशोधन करताना कोणता शब्द मुळात काय होता हे ठरवण्यासाठी तिच्याइतका उपयोगी दस्तऐवज दुसरा नाही. छापील अंकाची प्रत हाताशी असली तरीही ही पीडीएफ काढावी, कारण छपाईच्या वेळी ऐनवेळी केलेल्या दुरुस्त्या कधी फाइलीत असतात, कधी फक्त फिल्मवर चिकटवलेल्या असतात.

दुसरे काम फॉन्टचे. विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधील सर्व मराठी फॉन्ट जसेच्या तसे उचलून ठेवा आणि कोणत्या अंकात कोणता फॉन्ट वापरला याची यादी करा. श्रीलिपी ही पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची आणि आयएसएम हे पुण्याच्याच सीडॅकचे, पण दोघांची अक्षरांना क्रमांक देण्याची पद्धत पूर्णपणे वेगळी आहे. श्री-देव-०७१४ मध्ये जो क्रमांक एका अक्षराचा असेल, तो डीव्हीबी-टीटी सुरेखमध्ये भलत्याच अक्षराचा असतो. शिवाजी आणि किरण यांच्या मांडण्या आणखी निराळ्या. एवढेच नव्हे, तर एकाच कंपनीच्या एकभाषी आणि द्विभाषी फॉन्टांतही फरक असतो, त्यामुळे नुसते ‘श्रीलिपीत आहे’ असे सांगून भागत नाही, फॉन्टचे नेमके नाव लागते. ते नाव हरवले की रूपांतर म्हणजे निव्वळ अंदाजपंचे काम होते. त्या काळी छपाईसाठी पीएफबी प्रकारचे, म्हणजे टाइप-१ फॉन्ट वापरण्याचीही पद्धत होती. तसे फॉन्ट निघाले तर लिब्रेऑफिसच्या ५.३ पासूनच्या आवृत्त्या आणि २०२३ पासून अडोबीची नवी सॉफ्टवेअरेही ते स्वीकारत नाहीत, हे लक्षात ठेवून त्या अंकांचे काम जुन्या यंत्रावरच उरकलेले बरे.

तिसरे काम मजकूर बाहेर काढण्याचे. पेजमेकरमध्ये प्रत्येक लेख ही एक स्वतंत्र ‘स्टोरी’ असते. टेक्स्ट टूलने स्टोरीत क्लिक करून ती एक्सपोर्ट करताना साधा टेक्स्ट न निवडता आरटीएफ हे फॉन्टसह मजकूर ठेवणारे रूप निवडा. साध्या टेक्स्टमध्ये फॉन्टचे नाव पुसले जाते, आणि मग लेखात मध्येच आलेले इंग्रजी शब्द, वर्षे किंवा संकेतस्थळांचे पत्ते हे खरेच रोमन आहेत की मराठी अक्षरांचे संकेत आहेत, हे ओळखण्याचा कोणताही मार्ग उरत नाही. आरटीएफमध्ये प्रत्येक तुकड्याला त्याच्या फॉन्टचे नाव चिकटलेले राहते.

पाने पानांच्या रूपात पुढे न्यायची असतील, तर अडोबीच्या इनडिझाइन या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरच्या सीएस-६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकर ६ आणि ७ च्या फाइली उघडतात, त्यानंतरच्या सीसी मालिकेने ही सोय काढून टाकली. तुमच्या छपाईवाल्यांकडे सीएस-६ अजून असेल तर विचारून पाहा. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास अशी जुनी आवृत्ती मुद्दाम जपून ठेवलेले लोक मला माहीत आहेत. लिब्रेऑफिसनेही २०१५ च्या जानेवारीत आलेल्या ४.४ आवृत्तीपासून पेजमेकर फाइली उघडण्याची सोय दिली आहे. फाइल लिब्रेऑफिसच्या ‘ड्रॉ’ या चित्रांच्या भागात उघडते, मांडणी साधारण कळते, पण ती छपाईला देण्याच्या योग्यतेची नसते. दोन्ही ठिकाणी चित्रे मात्र तेव्हाच दिसतील जेव्हा मूळ चित्रांच्या फाइली सोबत असतील, कारण मोठी चित्रे पेजमेकर बहुधा पोटात ठेवत नाही, त्यांचा फक्त पत्ता ठेवतो. म्हणून अंकाचा संपूर्ण फोल्डर, आतल्या उपफोल्डरांसह, जसाच्या तसा उचलावा.

पुन्हा टाइप करून घेण्याबाबत माझे मत विचाराल, तर गद्य लेखांसाठी रूपांतर आणि जाहिराती, तक्ते, कोडी यांसाठी टंकलेखन असे वाटून घ्यावे. मुद्रितशोधन दोन्हींत टळत नाही, आणि जो कोणी ‘शंभर टक्के अचूक कन्व्हर्टर’ विकायला येईल त्याला तुमच्या विशेषांकातील जोडाक्षरांनी भरलेले एक पान देऊन बघावे.

उत्तर २ : टर्मिनल_कोथरूड

वरील उत्तरातील क्रम योग्य आहे. मी फाइलींच्या आतील बाजूबद्दल लिहितो, कारण प्रश्नात वर्णन केलेले दोन काले हे दोन पूर्णपणे वेगळे आजार आहेत आणि एकाचे औषध दुसऱ्याला दिल्यास मजकूर कायमचा बिघडतो.

पहिला काला जुन्या फॉन्टांचा. या फाइलींत मराठी मजकूर नाहीच. संगणकाच्या दृष्टीने तिथे रोमन अक्षरे आणि चिन्हेच साठवलेली आहेत, फक्त त्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे काढून ठेवले आहेत. म्हणूनच फॉन्ट बसवल्यावर डोळ्यांना ‘पानशेत’ दिसते आणि शोधयंत्राला ते दिसत नाही. शिवाय हे तुकडे उच्चाराच्या क्रमाने नसून दिसण्याच्या क्रमाने ठेवलेले असतात. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते आणि क नंतर, रफार ज्या अक्षरावर दिसतो त्याच्या मात्रेनंतर येतो, आणि ग, ण, श यांसारखी दंडाची अक्षरे पुष्कळदा अर्धे अक्षर अधिक दंड अशा दोन तुकड्यांत असतात. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना सगळीकडे सारखेच क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, मात्र ‘कि’ म्हणजे आधी क आणि मग वेलांटी. तेव्हा रूपांतर म्हणजे नुसते एका क्रमांकाऐवजी दुसरा क्रमांक लिहिणे नव्हे, तुकडे सांधून त्यांचा क्रम उलगडणेही त्यात येते. रूपांतरानंतर जिथे ठिपक्यांचे वर्तुळ आणि त्याला लटकलेली वेलांटी किंवा मात्रा दिसेल, तिथे हा क्रम चुकला आहे असे खुशाल समजावे.

दुसरा काला चिटणीसांच्या तक्त्याचा. तो जर असा दिसत असेल की डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि त्याला लागून चलनाच्या चिन्हासारखी वाटोळी खूण किंवा जपानी येनचे चिन्ह, अशी जोडी दर दोन-तीन चिन्हांनंतर पुन्हा पुन्हा येते, तर तुमचा मजकूर पूर्णपणे शाबूत आहे. तो यूटीएफ-८ मधील, म्हणजे युनिकोड बाइटांत साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीतील, खरा युनिकोड आहे आणि फक्त चुकीच्या चष्म्यातून वाचला जात आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते आणि त्यांतील पहिले दोन बहुतेक सगळीकडे सारखे असतात, म्हणून ही जोडी वारंवार दिसते. सीएसव्ही फाइल, म्हणजे साध्या टेक्स्टमधील तक्ता, दुहेरी क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली आणि फाइलीच्या सुरुवातीला बीओएम ही खूणचिठ्ठी नसली, की एक्सेल ती जुन्या पाश्चात्त्य संकेतात वाचू शकते. लिब्रेऑफिसमधून थेट एक्सेलची एक्सएलएसएक्स फाइल पाठवा, किंवा एक्सेलमध्ये डेटा मेनूतून फाइल आयात करताना यूटीएफ-८ निवडा. मात्र तो काला दिसत असताना फाइल सेव्ह करू नका. केली तर चष्म्यातला दोष फाइलीत उतरतो.

तिसरी अवस्था म्हणजे रिकामे चौकोन. तिथे मजकूर बरोबर असतो, फक्त देवनागरीचा फॉन्ट नसतो. त्यासाठी काहीही रूपांतर करायचे नाही.

आता मुख्य कामाकडे. मायक्रोसॉफ्टच्या भाषाइंडिया उपक्रमातील टीबीआयएल कन्व्हर्टर विंडोजवर चालतो आणि अनेक जुन्या भारतीय फॉन्टांतून युनिकोडकडे नेतो. ज्या फॉन्टचा तक्ता त्यात नसेल त्यासाठी एसआयएल या संस्थेचे टेककिट हे साधन आहे. त्यात आपण स्वतः तक्ता लिहायचा असतो, आणि फॉन्टफोर्ज या फॉन्ट-संपादकात जुना फॉन्ट उघडून कोणत्या क्रमांकावर कोणता तुकडा आहे हे पाहत गेले की चिकाटीच्या माणसाला ते जमते. काहीही वापरले तरी रूपांतर फॉन्टच्या नावानुसार तुकड्या-तुकड्याने होते आहे ना, एवढे तपासा.

प्रत्यक्षात जिथे हमखास अडते त्या जागा सांगतो. वर्ड काही जुन्या फॉन्टांना ‘सिम्बॉल’ प्रकारचे फॉन्ट समजते आणि त्यांतील मजकूर शून्य ते २५५ या मूळ क्रमांकांवर न ठेवता युनिकोडच्या खासगी क्षेत्रात, एफ-शून्य-शून्य-शून्य या षोडशमान आकड्याच्या पुढे, सरकवून ठेवते. अशा फाइलीवर कन्व्हर्टर चालवला की तो एकही अक्षर बदलत नाही आणि माणूस कन्व्हर्टरला दोष देत बसतो. आधी तेवढी संख्या प्रत्येक चिन्हातून वजा करणारा चार ओळींचा पायथन प्रोग्राम चालवला की पुढचे काम सुरळीत होते. दुसरी जागा स्वयंदुरुस्तीची. वर्डने वाक्याचे पहिले रोमन अक्षर मोठे केले किंवा सरळ अवतरणचिन्हाचे वळणदार केले, तर जुन्या फॉन्टमध्ये त्याचा अर्थ भलतेच देवनागरी अक्षर असा होतो. लेखकांनी पाठवलेल्या लेखांत परिच्छेदांच्या आरंभीच विचित्र अक्षरे दिसली तर कारण हेच असते. तुम्हीही रूपांतर पूर्ण होईपर्यंत सर्व स्वयंदुरुस्त्या बंद ठेवा. तिसरी जागा क्रमांक १७३ ची. पाश्चात्त्य संकेतात तो ‘ऐच्छिक संयोगचिन्ह’ मानला जात असल्याने ईमेल किंवा वेबपानातून जाताना तो गळून जाऊ शकतो, आणि त्या क्रमांकावर फॉन्टने एखादे अक्षर बसवले असेल तर ते अक्षर मजकुरातून नाहीसे होते. यासाठी जुन्या फाइली कधीही कॉपी-पेस्टने किंवा ईमेलच्या मजकुरातून हलवू नयेत, मूळ फाइलच हलवावी.

रूपांतर झाल्यावर ठळक अक्षरे साधी झाली किंवा आकार बदलला, तर घाबरू नका. वर्ड आणि लिब्रेऑफिस दोघेही पाश्चात्त्य लिपी आणि ‘जटिल मजकूर मांडणी’च्या लिपी यांचा फॉन्ट, आकार आणि ठळकपणा वेगवेगळा साठवतात. जुना मजकूर पाश्चात्त्य समजला जात होता, नवा देवनागरी म्हणून ओळखला जाऊ लागला, म्हणून त्याला दुसऱ्या खान्यातील मापे लागू झाली. शैलीच्या खिडकीत त्या खान्यात मापे भरली की संपूर्ण लेख एकदम सुधारतो.

फाइलींची नावे कॉपी न होण्याचे कारण साधे आहे. विंडोजच्या एनटीएफएस या फाइली साठवण्याच्या पद्धतीत नावाची मर्यादा २५५ एकके आहे आणि देवनागरीचे एक चिन्ह म्हणजे एक एकक. लिनक्सच्या ईएक्सटी४ मध्ये मर्यादा २५५ बाइटांची आहे, आणि तीन बाइटांच्या हिशेबाने काना, मात्रा, वेलांट्या आणि पायमोडकी चिन्हे धरून साधारण ८५ चिन्हांतच नाव संपते. लेखाचे शीर्षक आणि खाली उपशीर्षक एवढे नावात लिहिण्याची पुणेरी हौस इथे नडते.

नारायणपेठी_वाचक

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पीडीएफ काढण्याचे काम सुरू केले आहे. चिटणीसांच्या तक्त्यात येनचे चिन्ह आणि रेघवाला ‘ए’ हेच होते, आणि आयात करताना यूटीएफ-८ निवडल्यावर तो व्यवस्थित उघडला. वर्डमधील शिवाजी फॉन्टच्या एका लेखावर कन्व्हर्टरचा काहीच परिणाम होत नव्हता. तो खासगी क्षेत्राचाच प्रकार निघाला.

आता एक नवी अडचण. सह्याद्रीवरील एका लेखाच्या रूपांतरात ‘दऱ्या’ हा शब्द दिसायला अचूक आहे, पण मी कळफलकावर तोच शब्द लिहून शोधला तर सापडत नाही. आणि तोच लेख संकेतस्थळाच्या संपादकात डकवून सेव्ह केला, तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, म्हणजे ताम्हिणीच्या लेखात समुद्र येतो. त्याचप्रमाणे ‘ॲड’, ‘ॲसिड’ अशा शब्दांतही शोध लागत नाही. मॅकवरून आलेल्या काही फाइलींच्या नावांतही असाच घोटाळा वाटतो.

टर्मिनल_कोथरूड

युनिकोडमध्ये ‘दऱ्या’तला चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे ०९३१ या क्रमांकाचा ऱ आणि पायमोड. दुसरा म्हणजे नेहमीचा र, पायमोड आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे झेडडब्ल्यूजे हे जोडचिन्ह. तुमच्या कन्व्हर्टरने दुसरा प्रकार वापरला आहे आणि तुमचा कळफलक पहिला वापरतो, म्हणून दोन शब्द सारखे दिसूनही संगणकाला वेगळे आहेत. संकेतस्थळाचे संपादक पुष्कळदा ‘निरुपयोगी अदृश्य चिन्हे’ म्हणून झेडडब्ल्यूजे झाडून टाकतात, आणि ते गेले की उरतो साधा रफार. उपाय असा की रूपांतरानंतर, संकेतस्थळावर नेण्यापूर्वी, र-पायमोड-झेडडब्ल्यूजे या तिकडीऐवजी ऱ-पायमोड ही जोडी सर्वत्र बदलून घ्यावी. ॲ चेही तसेच : हे अक्षर युनिकोडमध्ये ०९७२ या क्रमांकावर २००८ मध्ये ५.१ आवृत्तीत आले, त्यामुळे त्याआधीचे कन्व्हर्टर अ अधिक चंद्र असे दोन भाग तरी लिहितात किंवा हिंदीतल्याप्रमाणे ऍ तरी ठेवतात. तिन्हींचे एकच रूप ठरवून सगळीकडे तेच करा.

मॅकवरील नावांची गोष्ट याच्या शेजारचीच आहे. २०१७ मध्ये एपीएफएस येईपर्यंत मॅकवर रुळलेली एचएफएस-प्लस ही फाइली साठवण्याची पद्धत फाइलींची नावे विघटित रूपात ठेवत असे, आणि युनिकोडच्या नियमानुसार ऱ चे विघटन र अधिक नुक्ता असे होते. म्हणून मॅकवरून आलेले ‘दऱ्या’ आणि उबुंटूवर लिहिलेले ‘दऱ्या’ ही एकाच फोल्डरमध्ये दोन वेगळ्या फाइली म्हणून शेजारी शेजारी राहू शकतात. आरसिंक या नकलण्याच्या आज्ञेने फाइली आणताना नावांचा संकेत बदलण्याचा पर्याय दिला, किंवा आणल्यावर कॉन्व्हएमव्ही या साधनाने नावे एनएफसी, म्हणजे जोडलेल्या, रूपात आणली, की हा प्रश्न मिटतो.

ओळींच्या शेवटाबद्दल कोणी काही विचारले नाही, पण साध्या टेक्स्ट फाइली छपाईवाल्यांकडे जाणार असतील तर एवढेच : लिनक्स ओळ संपवताना एक चिन्ह लिहिते, विंडोज दोन. २०१८ च्या अखेरीपासूनचे विंडोज १० चे नोटपॅड दोन्ही समजते. त्यापूर्वीच्या नोटपॅडमध्ये सर्व लेख एकाच ओळीत दिसतो, आणि युनिक्स-टू-डॉस ही आज्ञा ते क्षणात ठीक करते.

उत्तर ३ : निवृत्त_ग्रंथपाल

या चर्चेत रूपांतराच्या कौशल्यावर बराच भर आहे, तो योग्यच आहे, परंतु सर्वच अंकांचे रूपांतर करण्याची गरज आहे का, हा प्रश्न कार्यकारिणीने विचारलेला दिसत नाही. संकेतस्थळावर अंक शोधता यावेत एवढाच हेतू असेल, तर छापील अंक ३०० डीपीआयने स्कॅन करून टेसरॅक्ट या सॉफ्टवेअरच्या मराठी प्रारूपाने अक्षरओळख, म्हणजे प्रतिमेतून मजकूर, करून घ्यावी आणि प्रतिमेच्या मागे तो मजकूर अदृश्यपणे ठेवलेली पीडीएफ चढवावी. अक्षरओळखीत चुका राहतील, पण वाचकाला पान मूळ रूपातच दिसते आणि शोधासाठी तेवढे पुरते. छापखानेवाला यांनी सांगितल्याप्रमाणे एक्सपीवरून काढलेली पीडीएफ स्वच्छ असल्यामुळे तिच्याच प्रतिमा करून अक्षरओळख केली, तर जुन्या कागदाच्या स्कॅनपेक्षा निकाल चांगला येतो. फॉन्टनिहाय रूपांतराचे कष्ट मग फक्त पानशेत विशेषांकावर आणि ज्याचे पुनर्मुद्रण निश्चित आहे अशाच मजकुरावर खर्च करावेत.

मूळ फाइलींबाबत माझा आग्रह मात्र ठाम आहे. रूपांतर झाले म्हणून मूळ फाइल पुसू नये. एक्सपी संगणकाची हार्डडिस्क बाहेर काढून, तपकीर गल्लीत मिळणाऱ्या आयडीई-यूएसबी जोडणीने ती उबुंटूला लावावी आणि डीडीरेस्क्यू या साधनाने संपूर्ण डिस्कची एक प्रतिमा-फाइल करून ठेवावी. डिस्क जुनी असल्याने ती पुन्हा पुन्हा फिरवण्यापेक्षा एकदाच वाचलेली चांगली. पेनड्राइव्हने नेणार असाल तर एक्सपीला एक्सफॅट ही साठवणीची मांडणी मुळातून कळत नाही, म्हणून पेनड्राइव्हवर फॅट३२ वापरावे लागेल, आणि त्यात ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. प्रत्येक फाइलीची शा-२५६ तपासबेरीज, म्हणजे तिच्या बाइटांवरून निघणारी ओळखखूण, काढून एका यादीत ठेवली, तर पुढे कोणत्याही प्रतीत एक बाइट जरी बदलला तरी कळते.

जतनाच्या प्रतींसाठी पीडीएफ-ए हे जतनासाठीचे पीडीएफ आणि ओडीटी हे लिब्रेऑफिसचे रूप ही दोन रूपे माझ्या मते पुरेशी आहेत. दोन्हींना आयएसओची मानके आहेत, अनुक्रमे १९००५ आणि २६३००, आणि ती तिन्ही प्रणालींवर उघडतात. वर्डच्या डॉकएक्सलाही मानक आहे, पण छपाईवाल्यांना द्यायच्या प्रतीपुरतेच ते ठेवावे. फाइलींच्या नावांबद्दल ग्रंथालयीन सवय सांगतो : नावात वर्ष, अंकाचा महिना आणि पृष्ठक्रमांक एवढेच रोमन अक्षरांत व आकड्यांत लिहावे आणि पूर्ण शीर्षक, लेखक, फॉन्टचे नाव व कोणत्या साधनाने रूपांतर केले हा तपशील शेजारच्या एका सूचीत ठेवावा. मराठीचा अभिमान सूचीत दाखवता येतो.

टर्मिनल_कोथरूड

अक्षरओळखीचा मार्ग मला मान्य आहे, फक्त कविता आणि तळटीपा यांच्या पानांवर टेसरॅक्टचे स्तंभ चुकतात, तेव्हा ती पाने वेगळी पाहावीत. आणि युनिकोडमधून काढलेल्या पीडीएफमधूनही मजकूर पुन्हा उचलताना वेलांट्यांचा क्रम बिघडू शकतो, म्हणून पीडीएफ हा मूळ मजकूर कधीच मानू नये. ओडीटी हाच मूळ.

नारायणपेठी_वाचक

ग्रंथपालांची सूचना कार्यकारिणीपुढे ठेवतो. खर्चाच्या दृष्टीनेही ती पटण्यासारखी आहे. हार्डडिस्कची प्रतिमा एका परिचितांच्या मदतीने करून घेत आहोत. आता राहिली वर्गणीदारांची डीबीएफ फाइल. त्यातील नावे आयएसएम लावून टाइप केलेली आहेत, पण लिब्रेऑफिस ती उघडताना अक्षरसंच विचारते आणि यादीतील कोणताही निवडला तरी काला दिसतो.

टर्मिनल_कोथरूड

आयएसएमने डेटाबेसमध्ये नावे दोनपैकी एका प्रकारे ठेवलेली असतील : फॉन्टच्या संकेतांत किंवा इस्कीमध्ये. इस्की हे भारतीय लिप्यांच्या अक्षरसंकेतांचे भारतीय मानक आहे, आयएस १३१९४, १९९१ चे, आणि युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८ च्या आवृत्तीवरून घेतलेली आहे, त्यामुळे तसे निघाले तर तुमचे नशीब चांगले, कारण तिथे अक्षरे उच्चाराच्या क्रमानेच असतात. तपासण्यासाठी ‘किरण’ किंवा ‘विजय’ असे पहिल्याच अक्षराला ऱ्हस्व वेलांटी असलेले नाव शोधा आणि फाइलीतील कच्चे बाइट दाखवणाऱ्या हेक्स संपादकात त्याचे बाइट पाहा. ‘कि’साठी दशमान पद्धतीने १७९ आणि त्यानंतर २१९ असे आकडे असतील तर ते इस्की आहे, वेलांटीसारखे काही आधी येत असेल तर तो फॉन्टचा संकेत आहे आणि वर सांगितलेला तक्त्याचाच मार्ग घ्यावा लागेल.

इस्की असल्यास लिब्रेऑफिसमध्ये डीबीएफ उघडताना आयएसओ-८८५९-१ हा अक्षरसंच निवडा. मजकूर काल्यातच दिसेल, पण या संचात एकही बाइट हरवत नाही. तिथून त्याच अक्षरसंचात सीएसव्ही काढा आणि ती फाइल आयसीयू या युनिकोडच्या प्रोग्राम-संग्रहासोबत मिळणाऱ्या यूकॉन्व्ह या आज्ञेने इस्कीतून यूटीएफ-८ मध्ये न्या. उबुंटूवरील नेहमीच्या आयकॉन्व्ह या संकेत बदलणाऱ्या आज्ञेला इस्की येत नाही, म्हणून यूकॉन्व्हच हवे. रूपांतरित यादी पुन्हा डीबीएफमध्ये मात्र भरू नका. तिच्यातील प्रत्येक रकान्याची रुंदी बाइटांत ठरलेली असते आणि इस्कीत एका बाइटात बसणारे अक्षर आता तीन बाइट मागते, त्यामुळे लांब आडनावे आणि सदाशिव पेठेतले पत्ते मध्येच तुटतील. लिब्रेऑफिसच्या तक्त्याच्या, म्हणजे ओडीएस, फाइलीत ठेवा आणि पिन कोड व दूरध्वनीचे रकाने आयात करतानाच ‘मजकूर’ म्हणून निवडा, म्हणजे ०२० मधील पहिले शून्य जागेवर राहील.